निघायची हाळी

डिसेंबरच्या सुरुवातीला मी साताऱ्याहून गाडीत सामान भरून तासगावला निघालो. सामान म्हणजे माईक, केबलींची वेटोळी, मिक्सर, लॅपटॉप, एक जड बॅटरी आणि हे सगळं गुंडाळायला जुनी घोंगडी. फौजेत मी सिग्नलमध्ये होतो. आवाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धडपणे पोचवायचा, एवढंच काम आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर रेकॉर्डिंग स्वतःचं स्वतः शिकलो. मला सगळे मेजर म्हणतात. सुटलो हवालदार म्हणून, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो.

काम नानासोंचं होतं. नानासो मूळचे म्हसवडकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. ऐन तरुणपणी बेळगावात कुणाच्या तरी हातात इलेक्ट्रिक गिटार बघितली आणि काठी टाकून तीच धरली. माणदेशी बोलीत रॉक गाणी लिहिणारा हा माणूस गेली चाळीसएक वर्षं यात्रा, कॉलेजची गॅदरिंग, गणपतीची मंडळं असा फिरत होता. त्यांच्या गाण्यांवर नाचलेल्या पोरांना आता नातवंडं आहेत. टेंपो ट्रॅव्हलर स्वतःची, चालवायचेही स्वतःच. ड्रमवर मुलगा सूरज, बेस गिटारवर मुलगी उत्कर्षा, लीड गिटारवर कराडचे जयराज, आणि मिक्सरवर मी.

दोन वर्षांपूर्वी सोलापूरकडचा कार्यक्रम करून येताना टायर फुटला. सूरज तो बदलायला खाली उतरला. मागून ट्रक आला. नानासो तेव्हा स्टेअरिंगवरच बसलेले होते. त्यानंतर ते गायले नाहीत. अचानक या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

"मेजर, गाणी झाल्यात. सगळी रस्त्याची हायती. एवढा अल्बम करायचा, मग बास."

अल्बमचं नाव 'मुक्काम पुढं'. त्यात डिझेलचा वास होता, लॉजमधल्या ओलसर चादरी होत्या, बसल्या बसल्या घेतलेली झोप होती, आणि मधूनच नानासोंच्या आईची मेंढरं रस्ता ओलांडत होती. एका गाण्याच्या दोन ओळी माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत:

चाक फिरतंय, झोप न्हाई,
गाव येतंय, घर न्हाई.

रेकॉर्डिंगसाठी जागा दिली भाऊसोंनी. ते तासगावचे द्राक्षबागायतदार, नानासोंचे जुने भक्त. त्यांचं बेदाण्याचं शेड गावापासून लांब, बागांच्या मध्ये होतं, आणि हंगाम सुरू होईपर्यंत रिकामंच असायचं. लांबलचक शेड, आत एकावर एक जाळीचे मजले, बाजूंनी हिरवी शेडनेट. भर दुपारीही आत पाण्याखाली असल्यासारखा हिरवट अंधार असायचा. द्राक्षं नसली तरी वास होता. गोडसर, त्यात गंधकाच्या धुरीची तिखट धार. तो नाकात नाही, घशात बसायचा.

"मेजर," पहिल्याच दिवशी जयराज म्हणाले, "हितं पंधरा दिवस काढलं तर आपला बी बेदाणा हुतोय बघा."

"तुमचा मनुका होईल, काका," उत्कर्षा म्हणाली. "बेदाणा व्हायला अंग बारीक लागतं."

ती हसायची तेव्हा सूरजसारखीच दिसायची. पुण्यात तिला नोकरी लागली होती, जानेवारीत रुजू व्हायचं होतं. लहानपणापासून ती गाडीत झोपली, गाडीत जेवली, गाडीत अभ्यास करून पदवीधर झाली. "एवढा अल्बम आप्पांसाठी," ती मला म्हणाली होती. "मग मी एका जागी राहणार, मेजर. एक खोली, एक खिडकी. खिडकीतनं रोज तेच झाड दिसलं पाहिजे."

सूरजचा ड्रमसेट नानासोंनी बरोबर आणला होता. वाजवायला कुणी नव्हतं, ठोके कॉम्प्युटरवरून टाकायचे ठरलं होतं. तरी त्यांनी तो शेडच्या टोकाला नीट मांडला, स्टूल ठेवलं आणि मला म्हणाले, "त्याला बी माईक लावा." मी लावले. बापाला नाही कसं म्हणायचं?

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती, म्हणून काम दिवसाच चालायचं. बागांमध्ये फवारणीचे ट्रॅक्टर घरघरत असायचे. ते थांबले की आम्ही टेक घ्यायचो. गाणी एकेक होत गेली. राहिलं फक्त शेवटचं. त्याचं नाव होतं 'निघायची हाळी'.

त्यामागं नानासोंच्या घरची एक रीत होती. बिऱ्हाड घोड्यांवर लादून झालं, मेंढरं उठली, की तळ हलवायच्या आधी घरातला थोरला माणूस उभा राहून एकेकाचं नाव घेऊन हाळी द्यायचा. ज्याचं नाव त्यानं 'आलो' म्हणून ओ द्यायची. शेवटची ओ आल्याशिवाय घोडं हलायचं नाही. अंधारात, धुक्यात पोर मागं राहू नये म्हणून. नानासोंनी त्याचंच गाणं केलं होतं. ते नाव घेणार. ज्याचं नाव तो ओ देणार, आणि त्याच क्षणी त्याचं वाद्य गाण्यात शिरणार. जयराज, उत्कर्षा, मी सुद्धा. "गाडीत बसतो तो तळावरला," ते म्हणाले. आणि शेवटी सूरज. त्याचं नाव घ्यायचं, आणि ओ यायला जेवढा वेळ लागेल तेवढी जागा मोकळी सोडायची. तिथं काहीही वाजणार नव्हतं. मग सगळ्यांनी एकदम उसळायचं.

मला ती कल्पना फार आवडली होती. हे आता लिहितानाही अंगावर काटा येतो, पण आवडली होती.

सरावाच्या दिवशी नानासोंची बहीण आली. सुलाबाईंनी अजून मेंढरं सोडलेली नाहीत. त्यांचा तळ जवळच्याच मोकळ्या रानात पडला होता. चरवीभर दूध घेऊन त्या दाराशी टेकल्या आणि गाणं ऐकत राहिल्या. जयराज, उत्कर्षा, मेजर, इथपर्यंत मान डोलावत होत्या. सूरजचं नाव आलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"नाना! काय घेतलंस रं नाव?"

"आक्का, गाणं हाय ते."

"हाळी हाय ती! वाटंवर गेलेल्याचं नाव हाळीत घेत न्हाईत, ठावं न्हाई व्हय तुला? का तारा छेडून छेडून डोसकं पार बधिर झालं?"

"तळ कुठं हलतोय हितं? शेडात बसलोय आमी."

"तू कवा एका जागी बसलायस?" सुलाबाई म्हणाल्या. "तुजं सगळं गाणंच निघायचं हाय."

जयराजांनी सुलाबाईंना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून, आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचा एक भाऊ लहानपणी वाटेत तापानं गेला होता. त्याला तिथंच माती देऊन तळ पुढं गेला. दुसऱ्या की तिसऱ्या मुक्कामावर आईला राहवलं नाही. हाळी देताना तिच्या तोंडून त्याचं नाव गेलं.

"मग?" उत्कर्षानं विचारलं.

"मग काय... ओ आली."

जयराजांचा हात गिटारवरून खाली आला.

"समद्यांनी ऐकली. आई तर खुळ्यागत हसाया लागली. आन् आमची धाकटी, बायजा... ती बी ओ देत हुती. माज्या शेजारी उभी हुती. मी बगत हुते, तिचं तोंड हलत हुतं. पर कुणाला ऐकू येईना. दिसभर चालली आमच्यासंगं. भाकर मागत आसंल, कुणी दिली न्हाई. सांजंला मुक्कामावर बगितलं तर..." सुलाबाईंनी पदर तोंडावर धरला. "तळावर जेवढी मान्सं तेवढीच, नाना. एक आत आलं की एक भाईर ऱ्हातंय."

नानासो गिटारची तार पिळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तवा मी पाळण्यात हुतो. तुझी ही गोष्ट मी धा डाव ऐकलीया आन् धाई डाव ती येगळी हाय."

सुलाबाई चरवी तिथंच टाकून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेक घेतला. ट्रॅक्टर थांबलेले, वारा पडलेला. मी रिकाम्या क्रेटच्या भिंतीआड कानाला हेडफोन लावून बसलो होतो. नानासोंचा आवाज असा लागला होता की दोन वर्षं गप्प बसलेला माणूस वाटू नये. जयराज आले. उत्कर्षा आली, तिचा बेस जमिनीतून वर चढला. मी माझ्या माईकमध्ये 'आलो' म्हणालो. मग त्यांनी सूरजला हाळी दिली. जागा मोकळी सोडली.

हेडफोनमध्ये, ड्रमच्या माईकवर, कुणीतरी श्वास घेतला.

"आलो..."

धावत आल्यासारखा, थोडा हसरा. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली की सूरज चहाच्या गाड्यावरून असाच पळत यायचा, ओठ पुसत.

शेडमध्ये कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. गाणं पूर्ण झालं. मी काही न बोलता टेक स्पीकरवर लावला. ती जागा आली तेव्हा जयराजांनी गिटार खाली ठेवली, इतकी हळू की तिचा आवाज होऊ नये.

"परत लावा," नानासो म्हणाले.

परत लावला.

"परत."

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. जुन्या कार्यक्रमाचा एखादा तुकडा चुकून राहिलाय का, कुठल्या ट्रॅक्टरवरचा रेडिओ केबलीत शिरलाय का. काही सापडलं नाही. मात्र हे तपासताना दुसरी गोष्ट दिसली. उत्कर्षाची ओ बारीक आली होती. बेसही दबला होता. आणि मी, ज्याला काही कळत नव्हतं त्यानं, जे कळत होतं ते धरलं. सिग्नलमध्ये आम्हाला एकच शिकवलेलं. एखाद्या ठिकाणाचा आवाज क्षीण आला तर सोडून द्यायचं नाही, उत्तर स्वच्छ येईपर्यंत पुन्हा हाक मारायची.

"उत्कर्षा, तुझा आवाज कमी आलाय. माईकच्या जवळ ये. परत घेऊ."

नानासो तर पहिल्या शब्दालाच उभे राहिले होते.

दुसऱ्या टेकला सूरजची ओ स्पष्ट आली. ओच्या पाठोपाठ काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि ठोके सुरू झाले. ते हेडफोनशिवायही ऐकू येत होते. शेडच्या टोकाला हिरव्या अंधारात स्टूल रिकामं होतं. झांजांच्या थाळ्या मात्र थरथरत होत्या. जयराजांचे हात वाजवत राहिले, डोळे मिटलेले. नानासो गात होते आणि रडत होते, पण सूर हलला नाही. खरं सांगायचं तर एवढं चांगलं संगीत मी माझ्या हातानं कधी रेकॉर्ड केलं नव्हतं.

वाजवून बघताना उत्कर्षा माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली. पडद्यावर सगळ्यांच्या आवाजाच्या रेघा उठत होत्या. तिची सपाट होती. नुसती एक बारीक रेघ, थंड पडलेल्या माणसाची असावी तशी.

"मेजर," ती म्हणाली, "मी कुठाय?"

मी केबल बदलली. माईक बदलला. तिला माझ्या माईकवर बोलायला लावलं. "एक, दोन, तीन," ती म्हणत होती, माझ्या कानापासून हातभर अंतरावर, आणि मीटरचा काटा हलत नव्हता. मी बोललो की हलत होता.

"जयराजकाका, तुम्हाला तरी ऐकू येतंय ना मी?"

जयराज गिटारची पिशवी शोधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मेजर, ती आशी का बगाय लागलीया? बोलत का न्हाई?"

उत्कर्षाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ती वडिलांकडं गेली. नानासो क्रेटवर बसले होते. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते, दोन्ही कान मोकळे. बाहेर एकही ट्रॅक्टर चालू नव्हता.

"आप्पा," ती म्हणाली, "मेजरना सांगा. काढून टाका म्हणावं ते. दादाचं सगळं काढायला सांगा. आप्पा... मला भीती वाटतीये."

मी जेवढ्या अंतरावर होतो तेवढ्याच अंतरावर ते होते. मला शब्द नि शब्द ऐकू आला.

नानासोंनी मान वर केली नाही. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिले. उत्कर्षा थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी मीच पुढं होऊन दोन्ही टेक पुसून टाकले.

"मेजर!" नानासो ओरडले. असा आवाज मी फौजेत ऐकलाय, माणसाला गोळी लागल्यावर. "काय केलंत हो... परत मारला माजा पोरगा..."

उत्कर्षा माझ्याकडं वळून काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

जयराज त्याच संध्याकाळी कराडला गेले. आम्ही उत्कर्षाला सांगलीला एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी घशात दिवा धरून बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि तिला बोलायला सांगितलं. ती बोलली. ते वाट बघत राहिले. पुन्हा म्हणाले, "हं, बोला आता." ती एकदम उठून बाहेर आली.

सुलाबाई आल्या तेव्हा भांडल्या नाहीत. तेच जास्त वाईट होतं. पोरीला जवळ घेऊन तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग भावाला म्हणाल्या, "आता हितनं हलू नगंस. रोज हाळी दे, हिची एकटीची. ओ ऐकू ईस्तवर तळ मोडायचा न्हाई. आईनं ती चूक किली, चालत ऱ्हायली."

म्हणून ते शेडातच राहिले. मी आठवड्यातून एकदोनदा साताऱ्याहून जायचो, पीठमीठ घेऊन. सकाळी नानासो दाराशी उभे राहून मुलीला हाळी द्यायचे. ती समोर उभी राहून ओ द्यायची, मान ताणून, गळ्याच्या शिरा तटतटून. मग दोघंही आत जायचे. ज्या माणसाच्या आयुष्यात एका जागी दुसरी रात्र क्वचितच झाली तो माणूस आता एकाच चुलीवर रोज भात शिजवत होता. पुण्याची नोकरी गेली. जानेवारी संपला.

एकदा नानासो पाणी आणायला गेलेले असताना उत्कर्षानं फोनवर काहीतरी टाईप करून पडदा माझ्यासमोर धरला.

'त्या वेळी आप्पांना माझं ऐकू आलं होतं का?'

मी मान हलवली. नाही म्हणून.

तिनं पुन्हा टाईप केलं. 'खरं?'

मी तिच्या डोळ्यांत बघून होय म्हणालो. तिनं फोन खाली घेतला, आणि किती तरी वेळ माझा हात धरून बसली. वाळत घातलेलं फडकं अंगावर यावं तसा तिचा हात लागत होता. त्याला वजन नव्हतं.

मग द्राक्षं उतरायला लागली. भाऊसोंनी खूप कळ काढली. दुसऱ्यांच्या शेडात माल टाकून बघितला. शेवटी एक दिवस ते हात जोडून उभे राहिले. "नानासो, बाग काढणीला आलीया. माल झाडावर फुटाय लागलाय. मला लाजवू नका हो." नानासो म्हणाले, "तुमी लय केलंत, भाऊसो. उद्या निघतो."

मला त्यांनी बोलावून घेतलं. उजाडता उजाडता सामान गाडीत चढलं. ड्रमसेट शेवटी. बायका द्राक्षांचे क्रेट घेऊन यायला लागल्या होत्या. शेडच्या दाराशी नानासो उभे राहिले आणि त्यांनी मुलीचं नाव घेऊन हाळी दिली. अशी हाळी मी ऐकली नव्हती. त्यात गाणं नव्हतं, सूर नव्हता. नुसता बाप होता.

उत्कर्षा त्यांच्यापुढं हातभर अंतरावर उभी होती. तिनं तोंड उघडलं.

"आलो," गाडीतून सूरज म्हणाला.

क्रेट घेतलेल्या एका बाईनं सहज गाडीकडं बघितलं आणि पुढं गेली. कुणीतरी गाडीतून ओ दिली, त्यात बघण्यासारखं काय? मी नानासोंकडं बघत होतो. देवाशपथ सांगतो, त्या माणसानं स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. पण चेहऱ्यावर जे आलं ते त्यांना थांबवता आलं नाही. ते सुख होतं. मग ते चालत गेले, स्टेअरिंगवर बसले आणि गाडी सुरू केली.

"नानासो, अजून ओ आली नाही!" मी म्हणालो.

"आली की," ते म्हणाले. "तुमी ऐकली न्हाई व्हय?"

उत्कर्षानं मागचं दार स्वतः उघडलं आणि ती आत बसली. मी माझी गाडी मागं लावली.

उन्हं चांगली वर आल्यावर हायवेला लागायच्या आधी एका टपरीवर ते चहाला थांबले. टपरीवाल्या बाईनं चहा आणला. एक कप नानासोंपुढं ठेवला, एक माझ्यापुढं, आणि एक त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं. उत्कर्षा टेबलाच्या कडेला बसली होती. तिच्यापुढं काही ठेवलं नाही. मी माझा कप तिच्याकडं सरकवला. ती त्याच्या वाफेकडं बघत राहिली. वाफ तिच्या चेहऱ्यापर्यंत जात होती आणि सरळ पलीकडं निघून जात होती.

नानासो चहा फुंकत मला नवं गाणं सांगत होते. किती तरी दिवसांनी ते इतकं बोलत होते.

निघायच्या वेळी ते सवयीनं गाडीजवळ उभे राहिले. रस्त्याकडं तोंड करून त्यांनी हाळी दिली.

"मेजर..."

"आलो," मी म्हणालो.

"सूरज..."

गाडीच्या आतून ओ आली. आता तिच्यात धाप नव्हती. निवांत बसलेल्या माणसाची ओ होती.

पुढचं नाव घ्यायला नानासोंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. उत्कर्षा त्यांच्या शेजारीच होती. तिनं त्यांची बाही धरली होती, दोन्ही मुठींनी, लहान मूल जत्रेत धरतं तशी. ते कपाळ चोळत राहिले. घरी काहीतरी विसरून आल्यासारखं त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"मेजर, आजून कोन ऱ्हायलंय व्हय?"

मी तिचं नाव सांगितलं. स्वच्छ, मोठ्यानं सांगितलं.

नानासो माझ्या तोंडाकडंच बघत होते. मान थोडी पुढं काढून, वाट बघत.

"मेजर," ते म्हणाले, "बोला की."